पेठेतलं जुनं घर थंड करताना
भावा, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून आहेत, तिकडनं ऊन येतच नाही. तिथं रुपया घालू नकोस. घर तापतं ते पत्र्यानं आणि पश्चिमेच्या भिंतीनं. दुपारी तीनला माळ्यावर चढून पत्र्याखाली हात धर, कळेल. वरून पांढरा परावर्तक रंग, खाली हवेला फट सोडून छत. गिलावा मात्र सिमेंटचा नको! जुनी वीट चुन्यात बांधलेली असते. कोल्हापूरच्या पावसात तिनं प्यालेलं पाणी सिमेंटमागं अडकतं, मग पोपडे सुटतात. गवंडी म्हणेल, ‘‘चुना कोण करतंय आता?’’ ऐकू नकोस. गिलाव्याआधी पन्हळ तपास, ओल बहुतेक तिथूनच असते. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घे, ७५ वॅटचं काम ३० वॅटात. एसीचं नंतर बघू.