सुतकात माणसं हसतात, त्यांना दुःख नसतं का?

प्रश्न असा आहे की घरात माणूस गेलेलं असताना चौथ्या-पाचव्या दिवशी घरचेच खळखळून हसताना दिसतात, ते कसं?

दुःख असतंच. पण ते सलग वाहत नाही, लाटांनी येतं, आणि दोन लाटांच्या मध्ये हसू फुटतं. भेटायला आलेला कुणी म्हणतो, “अण्णा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे,” आणि सगळे हसतात. दुसऱ्याच क्षणी पदर डोळ्यांना लागतो. हा निर्लज्जपणा नाही. खरं हसताना श्वास जोरात, तुकड्यातुकड्यानं बाहेर पडतो, पोटाचे स्नायू दमतात, शरीरातली वेदनाशामक एंडॉर्फिन्स वाढतात. म्हणूनच हसून झाल्यावर अंग सैल वाटतं. बोनॅनो आणि केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास मांडला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्यात राग आणि मनस्ताप कमी आढळला.

खरं हसू डोळ्यांत ओळखा: गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. नुसते ओठ ताणलेले असतील, तर ते बहुधा पाहुण्यांसाठीचं हसू. तसं हसू आठवडेच्या आठवडे टिकलं आणि झोप, जेवण सुटलं, तर “किती खंबीर आहेस” म्हणू नका. त्यानं माणूस आणखी कोंडतो. शेजारी बसा, “रात्री झोप लागते का?” असं सरळ विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत फोन क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मुलं हसली तर कृपा करून दटावू नका.