सिरिंज पंप ताळ्यावर का नाही?

प्रश्न : सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने रुग्णाला देणारं यंत्र) ताशी ५ मिलीवर लावूनही ५० मिलीची सिरिंज आठ तासांत संपते. पंप बिघडला का?

उत्तर : आधी सिरिंजची कंपनी बघा. पंप औषध मोजत नाही, दट्ट्या ढकलतो. किती ढकलायचा हे सिरिंजच्या आतल्या व्यासावरून ठरवतो, आणि तो व्यास कंपनीनुसार बदलतो. पडद्यावर निवडलेल्या सिरिंजपेक्षा बसवलेली आतून रुंद असली, की औषध जास्त जाणारच. दट्ट्याची चकती पकडीत घट्ट बसली आहे ना? ती सैल आणि पंप रुग्णापेक्षा उंचावर असेल, तर औषध आपोआप ओढलं जातं. हे फार घातक! हे सगळं नीट असूनही सिरिंज लवकर संपली, तर तो पंप रुग्णाला लावू नका. बायोमेडिकल विभागात (रुग्णालयाची यंत्रं तपासणारा विभाग) सिरिंजमध्ये पाणी भरून ताशी ६० मिलीने अर्धा तास चालवा. मोजपात्रात ३० मिली यायला हवं.