बालीत वर्षभर राहायचंय? खर्चाचा हिशोब असा मांडा

नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी, पुण्यातलं काम लॅपटॉपवरून चालू ठेवून, महिना दीड लाखात बालीत वर्षभर राहता येईल का, असं तुम्ही विचारलंय. खाणंपिणं, फिरणं यांना दीड लाख पुरून उरतात. पण घरभाडं, व्हिसा आणि शाळा हे तीन खर्च महिन्याच्या हिशोबात बसत नाहीत, आणि बहुतेकांचं गणित तिथेच कोलमडतं.

आधी भाडं. चांगलं घर हवं असेल तर मालक अख्ख्या वर्षाचे पैसे आगाऊ मागतो. एका रुपयाला साधारण 180 ते 190 रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, धरा. किनाऱ्यावरचं सानूर किंवा बालीची राजधानी देनपासार, यांच्या बाजूला दोन खोल्यांचं नीटनेटकं घर वर्षाला 10 ते 15 कोटी रुपियांत मिळतं, म्हणजे साडेपाच ते आठ लाख रुपये, आणि तेही हातात एकरकमी हवेत. परदेशी पाहुण्यांच्या आवडत्या चांगू भागात पोहण्याच्या तलावासकट बंगला घ्यायला गेलात तर दुप्पट सहज होतात. लहान मूल बरोबर आहे, तेव्हा माझं मत सरळ सानूर. तिथला समुद्र शांत आहे आणि पायी चालता येईल असे रस्ते आहेत.

व्हिसाचं नीट समजून घ्या. विमानतळावर मिळणारा 5 लाख रुपियांचा व्हिसा 30 दिवसांचा असतो आणि एकदाच 30 दिवसांनी वाढतो. म्हणजे दर दोन महिन्यांनी तिघांनी देशाबाहेर जाऊन यायचं. ती विमानाची तिकिटं हिशोबात धरा, मग स्वस्ताई कुठे जाते बघा. शिवाय तो पर्यटकांचा व्हिसा आहे, त्यावर काम करत राहणं मी कुणालाही सुचवणार नाही. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे 50 लाख रुपयांच्या वर. मुदत संपून राहिलात तर माणशी दिवसाला 10 लाख रुपिया दंड!

रोजचं जगणं मात्र खरंच सुखाचं आहे. वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या खाणावळीत, भात, भाजी, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) असं भरलेलं ताट 25 ते 40 हजार रुपियांत मिळतं. शाकाहारी असाल तर सांबल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, विचारून घ्या, त्यात बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो. बाजारात नाळीची भाजी, चवळीच्या शेंगा, कच्चा फणस, नारळ, पपई सगळं स्वस्त. महाग पडतं ते आपल्या सवयीचं: तूरडाळ, कणीक, पनीर, चांगलं दूध. पर्यटकांच्या हॉटेलात मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर कर आणि सेवाशुल्क वेगळं लागणार.

वीज बहुतेक घरांत प्रीपेड. दुकानातून किंवा फोनवरून टोकन घ्यायचं, वीस आकडे मीटरवर दाबायचे. शिल्लक संपत आली की मीटर टुकटुक करतो, आणि दोन एसी रात्रभर चालले तर तो फार लवकर टुकटुकतो. पाण्याचा 19 लिटरचा गॅलन घरपोच येतो.

स्कूटर महिन्याच्या भाड्याने घ्याल, पण निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यावर दुचाकीची नोंद असल्याची खात्री करा. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते, आणि खासगी रुग्णालयाचं बिल वर्षाची बचत खाऊन टाकतं. विम्यावर कृपा करून काटकसर करू नका.

शाळेचं सांगायचं तर आंतरराष्ट्रीय शाळेची फी दीड लाखाच्या महिन्यात मावत नाही. एका वर्षापुरतं छोटा बालवर्ग किंवा घरीच शिकवणं, हाच मार्ग मला दिसतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. 2025 मध्ये बाली प्रांताचं किमान वेतन महिना सुमारे 30 लाख रुपिया होतं, म्हणजे सोळा हजार रुपये. आपण मागेल ते भाडं देतो तेव्हा तिथल्या कामगाराची खोली महागते, आणि भातशेतीचे तुकडे बंगल्यांसाठी विकले जातात. म्हणून भाडं आधी शेजारच्या वारुंगवाल्या इबूंना (बाईंना तिथे आदराने इबू म्हणतात) विचारा, मग मालकाशी बोला.

आणि आल्या आल्या वर्षाचा करार करू नका. पहिला महिना खोली घेऊन राहा. मग घर बघा, शक्यतो पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये. छत गळतं का, गल्लीत पाणी साचतं का, शेजारी बांधकाम सुरू होणार आहे का, हे विचारा, आणि करार नोटरीसमोर करून जमिनीच्या कागदावर मालकाचंच नाव आहे ना ते तपासूनच पैसे द्या.