गादी मामांची, म्हणून वाडाही मामांचाच?

प्रश्न : माझे आजोबा (आईचे वडील) दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानाचे शेवटचे अधिपती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजोबा १९७४ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र केल्याचं कधी ऐकलं नाही. आजी १९८८ मध्ये गेली. मामा, आई आणि मावशी अशी तीन भावंडं, पण वाडा आणि चाळीसेक एकर जमीन मामांच्या एकट्याच्या नावावर लागली. मामा होते तोवर दरवर्षी आईला ‘शेताच्या उत्पन्नापैकी’ असं लिहून मनीऑर्डर यायची. त्याची कुपनं आईच्या ट्रंकेत आहेत. आई २०११ मध्ये गेली, वडील त्याआधीच. आता मामेभावाला वाडा हॉटेल कंपनीला द्यायचा आहे. मावशीनं हक्कसोडपत्रावर सही केली. मी आणि माझ्या भावानं नाही केली, तर वकिलाची नोटीस आली : संस्थानात थोरल्या मुलाचीच परंपरा आहे, मुलींना हिस्सा नाही, आणि राज्यघटनेच्या कलम ३६३ मुळे हा वाद कोर्टात चालतच नाही. आमचा काही हक्क उरतो का?

उत्तर : ताई, उरतो. हक्कसोडपत्रावर सही करू नका. वाडा खरोखर एकट्याचा असता तर तुम्हा दोघांच्या सहीसाठी एवढी धावपळ कशाला झाली असती? कंपनीच्या वकिलांनी मालकीचा शोध घेतला असणार आणि आजोबांना तीन मुलं होती हे त्यांना दिसलं असणार.

नोटिशीत गादी आणि मालमत्ता यांची गल्लत आहे. ती अजाणता झाली असावी असं मला वाटत नाही. विलीनीकरणाच्या करारनाम्यांत या दोन गोष्टींची कलमं वेगवेगळी असतात. एका कलमात गादीचा वारसा कायद्याप्रमाणे आणि रिवाजाप्रमाणे चालेल अशी हमी भारत सरकारनं दिलेली असते. दुसऱ्या कलमात संस्थानी मालमत्ता वगळून राजाची जी खासगी मालमत्ता, तिची पूर्ण मालकी आणि उपभोग त्याच्याकडे राहील असं म्हटलेलं असतं, आणि त्या मालमत्तेची यादी ठरलेल्या मुदतीत सरकारला द्यायची असते. रिवाज राखला आहे तो गादीपुरता. वाडा आजोबांकडे राहिला तो इतर कोणाचंही घर त्याच्या मालकीचं असतं तसाच.

रामपूरच्या नवाबाच्या घरात नेमका हाच तंटा झाला. नवाब रझा अली खान १९६६ मध्ये वारले. गादी थोरल्या मुलाकडे गेली, तेव्हा सगळी मालमत्ताही त्याचीच, असा दावा होता. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जुलै २०१९ च्या निकालात तो फेटाळला आणि खासगी मालमत्ता व्यक्तिगत कायद्याप्रमाणे (म्हणजे ज्याच्या त्याच्या धर्मानुसार लागू होणाऱ्या वारसा कायद्याप्रमाणे) सगळ्या वारसांत वाटायला सांगितली. तुमची बाजू त्याहून भक्कम आहे. १९६६ मध्ये संस्थानिकांची मान्यता आणि त्यांना सरकारकडून मिळणारे तनखे शाबूत होते. डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं दोन्ही गेले. १९७४ मध्ये आजोबा वारले ते कायद्याच्या लेखी एक नागरिक म्हणून. मामा ज्या गादीवर बसले ती दसऱ्याच्या पानसुपारीपुरती. तिथं कोणी मुजरा करावा, न करावा, कोर्टाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

एक फट मात्र आहे. एखादी मालमत्ता संस्थानिकानं भारत सरकारशी केलेल्या करारातल्या अटीनुसारच एकट्या वारसाकडे जात असेल, तर तिला हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू होत नाही. हे त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. म्हणून तुमच्या संस्थानाचा मूळ करारनामा डोळ्यांखालून घालणं आवश्यक. घराण्याची परंपरा सांगून भागत नाही, तशी अट लेखी हवी.

कलम ३६३ चा बाऊ करू नका. संस्थानिक आणि सरकार यांच्यातल्या करारांमधून निघणारे वाद न्यायालयांनी ऐकू नयेत, यासाठी ते कलम आहे. तुमचा वाद एका मृत माणसाच्या वारसांमधला आहे. पण वाडा किंवा जमिनीचा एखादा गट खासगीच्या यादीत नसेल, तर ‘ही मालमत्ता खासगी की संस्थानी’ असा प्रश्न उभा राहील, आणि तिथं हे कलम खरोखर आडवं येतं. तेव्हा यादी मिळवा. जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार इथंही शोध घ्या.

हिशेब असा. आजोबांनंतर आजी, मामा, आई, मावशी यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. आजीचा चौथा तिघा मुलांत गेला, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. समोरच्यांनी मालमत्ता वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची ठरवली तरी तुमचं बिघडत नाही. उत्तराधिकार कायद्यातली मुलींच्या हक्काची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, आई हयात होती, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर अशा मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, वडील कधीही वारलेले असोत. आईचा तिसरा हिस्सा तुम्हा दोघांत, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. मावशीच्या सहीनं गेला तो मावशीचा हिस्सा.

‘इतकी वर्षं गप्प का बसलात’ हे विचारलं जाईलच. फेरफार नोंद महसूल वसुलीसाठी असते, तिनं मालकी ठरत नाही. एका वारसाचा ताबा हा बाकीच्यांच्या वतीनंही असतो, जोवर तो त्यांचा हक्क उघडपणे नाकारत नाही तोवर. शिवाय २००५ पर्यंत, भाऊ राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर बहिणींना ती मागताच येत नव्हती. उत्तराधिकार कायद्यानंच आईचे हात बांधले होते. आणि ती कुपनं! ‘शेताच्या उत्पन्नापैकी’ हे मामांच्या हस्ताक्षरात असेल तर त्यांनी आईला हिस्सेदार मानल्याचा पुरावा तुमच्या ट्रंकेत आहे. मूळ कुपनं कोणाच्याही हाती देऊ नका, मामेभावाच्या तर नाहीच. मात्र आता नोटिशीनं हक्क लेखी नाकारला आहे, त्यामुळे १२ वर्षांची मुदत फार तर या तारखेपासून मोजली जाईल. तेवढी थांबूही नका, कारण हॉटेलचा करार त्याआधीच होईल.

तुम्हाला खरा धोका मृत्युपत्राचा. आजोबांचं अस्सल मृत्युपत्र निघालं आणि मालमत्ता त्यांची स्वतंत्र ठरली, तर वरचा हिशेब कोलमडतो. पण अर्धशतकानंतर अचानक निघालेल्या कागदाकडे न्यायालय संशयानंच पाहतं. फरीदकोटच्या राजाचं १९८२ चं म्हणून पुढं आलेलं मृत्युपत्र बनावट असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कायम केलं, आणि मुलींना हिस्सा मिळाला. त्यात तीस वर्षं गेली, हेही लक्षात असू द्या.

जमिनीत एखादा गट देवस्थान इनामाचा असेल तर तो वाटणीतून वगळा, तो देवाचा असतो. तनख्याची थकबाकी वगैरे मागायच्या भानगडीत पडू नका.

सातबारा, जुने फेरफार, वाड्याची मिळकत पत्रिका यांच्या प्रमाणित नकला या आठवड्यातच काढा. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या, एक तृतीयांश हिस्सा स्पष्ट मागा आणि त्याची प्रत हॉटेल कंपनीला स्पीड पोस्टानं पाठवा. वाटपाचा दावा वाडा ज्या तालुक्यात आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात, मनाई हुकमाच्या अर्जासह. मामेभाऊ बोलणी करायला आला तर बसा, पण हिस्सा मान्य केल्याचं आधी लेखी घ्या.