सगळं सांगून टाकलं, तर मला कोण विचारेल?

वणी, पांढरकवडा, दिग्रस या भागातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण इंजिनिअर आणि सुपरवायझरांची एक काळजी आता माझ्या चांगली ओळखीची झाली आहे. कोणी कोळसा खाणीवर असतो, कोणी रस्त्याच्या कामावर, कोणी सोलरच्या. येताना तक्रार झोपेची असते किंवा घरातल्या चिडचिडीची. बोलता बोलता मुद्दा निघतो तो हा: मला जे येतं ते दुसऱ्या टीमला दिलं, तर माझी गरज संपेल.

एका साइट इंजिनिअरची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख लागणार नाही अशी बदलून सांगते. कंपनी मोठी, काम गावोगावी नळयोजनेची पाइपलाइन टाकण्याचं. याची टीम यवतमाळ जिल्ह्यात, दुसरी वाशीमला. पावसाळ्यात वाशीमच्या लाइनचे जॉइंट सुटू लागले. याला कारण ठाऊक होतं. काळी भारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि त्या हालचालीत पाइप ओढला जातो. याच्या टीमनं खणलेली काळी माती परत न लोटता पाइपखाली आणि भोवती बारीक मुरूम भरला होता. सोमवारच्या ऑनलाइन मिटिंगमध्ये वाशीमचा इंजिनिअर बोलणी खायचा आणि हा माइक बंद करून बसायचा.

“सांगून टाकलं त मंग मले कोन विचारन, मॅडम? प्रोजेक्ट संपला का पहिले मलेच घरी पाठवतीन.”

त्यामागे एक खरी जखम होती. आधीच्या प्रोजेक्टवर याची युक्ती एका वरिष्ठानं स्वतःच्या नावावर खपवली होती. काही भेटी त्या रागालाच दिल्या. मग एके दिवशी मी विचारलं, “मुरमाचं तुम्हाला कोणी शिकवलं?”

तो पहिल्यांदा हसला. “साइटवर एक बाबाजी होते. जलमभर विहिरी खोदल्या त्यायनं.”

“त्यांनी तर सांगून टाकलं. आता त्यांना कशाला विचारत असाल?”

“विचारतो ना जी! परवाच फोन केलता, चर ओला असला त कवा बुजवाचा म्हून.” एवढं बोलून तो थांबला. बराच वेळ गप्प होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “बाबाजीनं एक गोष्ट सांगतली, म्हून त मी दुसरी विचाराले गेलो.”

हे वाक्य मी बोलले असते, तर त्यानं मान डोलावली असती आणि आला तसाच घरी गेला असता. ते त्याचं त्याला सापडावं म्हणूनच मी तोवर उपदेश टाळला होता, आणि त्याचं मला समाधान आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. लोकांनी मला विचारावं, ही इच्छा निरोगी आहे. विचारलंच पाहिजे, नाहीतर मी बिनकामाचा, हा हट्ट झोप उडवतो.

ऑफिसात अशा माणसाला आपमतलबी ठरवून मोकळे होतात. पण व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल झुलान्स्की यांनी ८ कंपन्यांमधली, एकीकडची चांगली पद्धत दुसरीकडे नेण्याची १२२ उदाहरणं तपासून १९९६ साली दाखवलं, की ज्ञान अडतं ते मुख्यतः वेगळ्याच तीन ठिकाणी: घेणाऱ्याची समजून घेण्याची तयारी कमी पडते, नेमकं कशामुळे जमलं हे उलगडलेलं नसतं, आणि दोघांमधले संबंध अवघडलेले असतात. म्हणून मी त्याला सांगितलं, वाशीमला फोन करा, पण शिकवायला नको. तिकडची माती कशी आहे ते विचारा. त्यानं केला. पुढच्या आठवड्यात दोघं एकाच चरात उतरले. मुरूम कोणता, किती ओला, कुठवर भरायचा हे तिथं हाताने दाखवता आलं. येताना हा प्रेशर टेस्टिंगच्या नोंदी ठेवायची त्यांची पद्धत घेऊन आला.

मॅनेजर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. प्रोजेक्टच्या शेवटी ‘शिकलेले धडे’ असा फॉर्म भरून घेऊन काम झालं असं मानू नका. त्या चौकटीत ‘मुरूम टाका’ एवढंच मावतं. दोन दिवस माणूस पाठवा. मिटिंगमध्ये आधी वरिष्ठांनी स्वतःचं काय फसलं ते सांगावं. मग खालच्या माणसाचा माइक आपोआप चालू होतो.

आणि ज्यांना नाव पळवलं जाण्याची धास्ती आहे त्यांनी गप्प बसण्यापेक्षा लिहावं. तारखेसह छोटा मेल, दोन्ही टीमच्या प्रमुखांना, कोणाकडून काय शिकलो हेही त्यात असावं. एवढं करूनही झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, तर साइटचं काम संपायची वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.