ऑपरेशन योजनेत बसतं का? वाचकांचे प्रश्न

यावेळी बहुतेक प्रश्न राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या ऑपरेशनचेच आलेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला आहे. वडील बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीच्या घाईत एका खाजगी हॉस्पिटलला नेलं. केशरी कार्ड आहे, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होईल म्हणाले, पण आता सांगतायत की इम्प्लांट चांगलं पायजे तर तीस हजार वेगळे भरा. साध्या कागदावर आकडा लिहून दिलाय, ना सही ना शिक्का. भरावेत का?

उत्तर : नका भरू दादा. आधी त्या कागदाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कागद कुणाला परत देऊ नका. योजनेत प्रत्येक ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं आणि त्या पॅकेजमध्ये बेड, नर्सिंग, सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, औषधं, तपासण्या, इम्प्लांट सगळं धरलेलं असतं, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एकवेळचं भाडंसुद्धा त्यातच येतं, मग रॉड नाहीतर प्लेटचे पैसे वेगळे कशाचे? डॉक्टरांना खरंच दुसरं इम्प्लांट टाकायचं असेल तर त्याचं मेडिकल कारण लेटरहेडवर लिहून मागा. साध्या चिठ्ठीवर आकडा लिहिणारे लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा गप बसतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्य मित्राचं, म्हणजे पेशंटला मदत करायला योजनेनं बसवलेल्या माणसाचं टेबल असतं, तिथं जाऊन एवढंच विचारा की प्रीऑथ पाठवलंय का, कुठल्या ऑपरेशनचं पाठवलंय आणि मंजूर झालं का. प्रीऑथ म्हणजे ऑपरेशनआधीची मंजुरी. नुसतं "योजनेत होईल" हे तोंडी सांगणं म्हणजे मंजुरी नव्हे. तुमच्यासारखी इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतं, पण ते लवकरात लवकर द्या.

आणि पैसे भरून टाकू, नंतर योजनेतून परत घेऊ असं मनातसुद्धा आणू नका. ही योजना कॅशलेस आहे, खाजगी विमा कंपनीसारखी बिलं लावून पैसे मागायची सोय त्यात नाही. हॉस्पिटलनं नियमाबाहेर पैसे घेतले तर तक्रार करता येते, पण त्यासाठी पावती लागते आणि ती तर असले लोक देतच नाहीत. योजनेच्या हेल्पलाईनला १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा, हॉस्पिटलचं नाव आणि पेशंटचं नाव सांगा, तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. ऑपरेशनच्या आधीच लावा हा फोन, आजच लावा.

वडिलांचं नाव रेशनकार्डावर आणि आधारवर सारखंच आहे ना तेही बघून घ्या. एकीकडे मल्लिनाथ, दुसरीकडे मल्लीनाथ, एवढ्याशा फरकानं आपल्याकडं फाईल अडकते आणि घरातलं माणूस वेदनेनं तळमळत असताना पोरगा झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो, हे बघून फार वाईट वाटतं. म्हणून सगळ्यांनाच सांगते, घरात कुणी आजारी नसतानाच हे काम उरकून घ्या.

प्रश्न : बहिणीला पित्ताशयात खडे आहेत आणि हर्निया पण आहे. दोन्ही एकाच वेळी करून घेतलं तर योजनेत चालतं का? तिला शुगर आहे म्हणून नाकारतील का? - बार्शी

उत्तर : शुगर आधीपासून आहे म्हणून नाकारता येत नाही. जुना आजार असला तरी चालतो, वाट बघायची मुदत वगैरे काही नाही. दोन्ही एकत्र करायचं का ते शेवटी सर्जन ठरवणार, पण केंद्राची आयुष्मान भारत योजना आपल्याकडं महात्मा फुले योजनेला जोडूनच चालते, तिच्या नियमात एकाच वेळी दोन ऑपरेशनं झाली तर मोठ्या पॅकेजचे पूर्ण पैसे, दुसऱ्याचे निम्मे आणि तिसरं असेल तर त्याचे पाव, असा हिशोब हॉस्पिटलला मिळतो. हे पेशंटनं भरायचं नसतं. पण दुसऱ्याचे निम्मेच पैसे मिळतात म्हणून कुणी "एक आता करू, दुसरं नंतर बघू" म्हणालं तर कारण नीट विचारून घ्या. कधीकधी कारण खरंच मेडिकल असतं, शुगर वाढलेली असेल तर नक्कीच असतं, कधीकधी नसतं.

दुसरं असं की काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव आहेत, तेव्हा खाजगीत "हे आमच्याकडं योजनेत नाही" म्हणाले तर लगेच पैशाची जुळवाजुळव करायला धावू नका, सोलापूरला सिव्हिलमध्ये विचारा. आणि ५ लाखांची मर्यादा माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाची आहे. पूर्वी ती दीड लाख होती.

प्रश्न : आम्ही पांढऱ्या कार्डवाले, मी रिटायर्ड शिक्षक, वय ७२. आम्हाला काय मिळतं? - जुळे सोलापूर

उत्तर : मिळतं की सर! २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या टप्प्यात ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं, आणि तेव्हा फक्त पिवळं-केशरी कार्ड चालायचं. आता पांढरं कार्डही चालतं. शिवाय ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरचं धरतात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आणि पेन्शनरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर त्यातलं नाहीतर हे, एकच निवडावं लागतं. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं.

ज्यांचं ऑपरेशन कुठल्याच यादीत बसत नाही त्यांनी धर्मादाय हॉस्पिटलमध्ये विचारावं. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलना १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्यावेच लागतात. तिथल्या समाजसेवकाकडं उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, आणि तो दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.