१६ दिवसांची ट्रिप, रीफ टँक आणि हप्त्यावरचा कंट्रोलर

तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात प्रश्न असा की ३४० लिटरची रीफ सिस्टिम आहे (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ असलेला टँक), सम्पसकट (खाली ठेवलेली पंप-फिल्टरची दुसरी टाकी), चार वर्षं जुनी, पुढच्या महिन्यात घरातले सगळेच १६ दिवस बाहेर जाताय, दुकानदाराने प्रोब (पाण्यात बुडवायचे सेन्सर), मॉड्युल, कॅमेरा वगैरे असलेल्या, टँकवर आपोआप लक्ष ठेवणाऱ्या पूर्ण कंट्रोलरचं कोटेशन दिलंय आणि ते १२ हप्त्यांत घ्यायचं तुमच्या मनात आहे. मिसेस म्हणतायत एवढा व्याप असेल तर टँकच विकून टाका, आणि जवळच राहणारा भाचा म्हणतोय मामा मी बघतो की, पैसे नकोत. यातलं काय करावं, शहाणपणाचं काय?

तुम्ही आकडे दिलेत पण मी ते इथे तसेच टाकत नाही, टँकवर आजवर झालेला सगळा खर्च १०० धरते, बाकीचं त्या हिशोबात. तर कंट्रोलर ३०, तो या १०० च्या बाहेरचा. काच, स्टँड, लाइट, पंप मिळून ५५. मासे आणि कोरल ४५. टँक क्रॅश झाला तरी काच आणि लाइट मरत नाहीत, त्यामुळे खरी टांगणीला लागलेली रक्कम १०० नाही, ४५ आहे. हे आधी डोक्यात बसवा कारण "एवढा खर्च केलाय, आता वाचवायला अजून थोडा" या एका वाक्यावर माणसं फार पैसे घालवतात, माझ्याकडे येणारी तर हमखास.

आता सुरुवातीलाच एक पर्याय बाद करू, म्हणजे कोणीच यायचं नाही, सगळं ऑटोमॅटिक. तुम्हीच लिहिलंय की रोज साधारण साडेतीन लिटर पाणी उडतं आणि एटीओचं (उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र) रिझर्व्हॉयर २० लिटरचं आहे. म्हणजे सहाव्या दिवशी रिझर्व्हॉयर कोरडं. त्यानंतर पाणी कमी होतं ते डिस्प्ले टँकमध्ये नाही दिसत, सगळी घट सम्पच्या रिटर्न चेंबरमध्ये (जिथून पंप पाणी परत वर टँकमध्ये ढकलतो तो कप्पा) होते, तिथे पंपाच्या वर असून असून १४-१५ लिटर असणार, ते अजून चार दिवस. दहाव्या दिवशी रिटर्न पंप गुरगुर करत हवा ओढायला लागणार, हीटर त्याच चेंबरमध्ये असेल तर तो उघडा पडून तापणार, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नुसता पाणी घुसळत बसणार कारण वरून त्याला काही येतच नाही. आणि मीठ काही उडून जात नाही, ते आहे तिथेच राहतं, पाण्याचा खारेपणा चढतच जातो. म्हणजे १६ दिवसांत नुकसान "होऊ शकतं" असं नाहीये, होणारच आहे, फक्त तारीख आधीच माहितीये.

मग तुम्ही म्हणाल मोठं रिझर्व्हॉयर लावतो, ६० लिटरचा ड्रम, १६ दिवसांचा प्रश्न मिटला. हिशोबाने ५६ लिटर लागतात, म्हणजे बसतंय बरोबर. पण एटीओचा सेन्सर कधी अडकतो, कधी त्यावर गोगलगाय जाऊन बसते (हसू नका, खरंच बसते), आणि पंप चालूच राहतो. २० लिटर गोडं पाणी सगळं एकदम आत गेलं तर खारेपणा ३५ पीपीटीचा (हजार भागांत किती भाग मीठ ते माप) ३३ होतो, कोरल रुसतील पण बहुतेक जगतील. ६० लिटर गेलं तर ३० च्या खाली येतं, आणि त्याआधी सम्प भरून पाणी जमिनीवर. म्हणून माझं मत उलटं आहे, रिझर्व्हॉयर लहानच असू द्या. रिटर्न पंप बंद करून बघा, वरचं पाणी उतरून सम्पची पातळी कुठे थांबते तिथे मार्करने रेघ मारा, त्या रेघेच्या वर २० लिटरची जागा शिल्लक असेल तर तुमचं रिझर्व्हॉयर योग्य मापाचं आहे. नसेल तर ते अजून लहान हवं.

म्हणजे कोणीतरी यायलाच हवं. इथेच कंट्रोलरचं गणित ढासळतं. तुम्ही त्याची तुलना येणाऱ्या माणसाशी करताय, ३० एकदाच की माणसाचा खर्च दरवेळी. पण कंट्रोलर घेतला तरी रिझर्व्हॉयर भरायला माणूस लागणारच आहे, स्किमरचा कप ओतायला लागणारच आहे. म्हणजे तो माणसाऐवजी नाही, माणसाच्या वर आहे. वर्षातून अशी एकच मोठी ट्रिप होते म्हणालात, तर पाच वर्षांत पाच वेळा माणसाचा खर्च अधिक ३०, अधिक पीएच प्रोब दर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा तो वेगळाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तशातली गत.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगते. माझ्याकडे एक छोटा नॅनो रीफ होता, काही वर्षांपूर्वी. पाच दिवस बाहेर होते, कॅमेरा लावलेला, तापमानाचा अलर्ट फोनवर. मीटिंगमध्ये बसले असताना फोन वाजला, २८.५. अर्ध्या तासाने २९. हीटरच्या आतला थर्मोस्टॅट चिकटला होता, बंदच होईना. शेजाऱ्यांना फोन लावला तर ते पण बाहेरगावी, आणि तसंही किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मग काय, बसले फोनवर बघत, क्लाउनफिश वर येऊन तोंड उघडझाप करतोय, माझा जीव खालीवर. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. अलर्टला मी पैसे मोजले होते, त्या बदल्यात मला बातमी मिळाली, टँक काही वाचला नाही. हीटर आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये एक साधा टेम्परेचर कंट्रोलर असता ना, वायफाय नाही काही नाही, २६ झाले की वीज तोडणारा, तर मला अलर्टची गरजच पडली नसती.

म्हणून माझा सल्ला असा की ३० ऐवजी साधारण ७ खर्च करा, आणि ते चार गोष्टींवर. एक तो टेम्परेचर कंट्रोलर. दुसरं, एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे, कारण निम्म्या वॉटचा एक चिकटला तरी एवढं पाणी उकळायला त्याला दम लागेल, आणि एक मेला तर दुसरा आहे. हीटरचे स्वतःचे थर्मोस्टॅट २७ ला ठेवा, बाहेरचा कंट्रोलर २६ ला, म्हणजे एकामागे एक दोन कुलुपं. तिसरं, वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप. टँकचे दिवे चार दिवस बंद राहिले तरी कोरल सहन करतात, पण पाणी हललं नाही तर भरलेल्या टँकमधले मासे काही तासांत ऑक्सिजनविना जातात, गरम पाण्यात तर आधीच ऑक्सिजन कमी. तुमचा वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी हलतं ठेवणारा पंप) डीसी असेल तर त्याला बॅटरी बॅकअप जोडता येतो, ते अजून बरं, पण बॅकअपवर हीटर आणि लाइट टाकू नका, सगळी बॅटरी तेच खातील. चौथं, जमिनीवर ठेवायचा लीक अलार्म. हा खर्च ट्रिपचा नाहीये, रोज तुम्ही ऑफिसला जाता तेव्हाही टँक एकटाच असतो, झोपता तेव्हाही, म्हणून हे वर्षभराच्या टँकच्या खर्चात टाका.

आणि येणाऱ्या माणसाचे जे पैसे आहेत ते टँकच्या खात्यात अजिबात लिहू नका. ते ट्रिपच्या बजेटमध्ये, तिकीट आणि हॉटेलच्या खाली. हे मी नुसतं वहीच्या सोयीसाठी नाही सांगत. टँकच्या खात्यात लिहिलं की दरवर्षी वाटतं टँक किती खातो, आणि मिसेसचं म्हणणं पटायला लागतं. ट्रिपच्या खात्यात लिहिलं की प्रश्न बदलतो, ही ट्रिप एवढ्याला परवडते का? तुमच्या आकड्यांत टँकवाला माणूस (पैसे घेऊन टँकची देखभाल करणारा) दर तीन दिवसांनी, एकूण पाच फेऱ्या, साधारण ५ होतात. परवडतं तुम्हाला. २० लिटर पावणेसहा दिवस पुरतं, म्हणजे एखादी फेरी चुकली तरी पंप कोरडा पडणार नाही.

भाच्याला नको का? हवाय, पण त्याला फुकट नका राबवू आणि टँकची जबाबदारी पण नका देऊ. फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही, आणि चूक झाली तर मासे गेले ते गेले, नातं पण आंबतं. त्याच्याकडे दुसरी किल्ली द्या, मधल्या दिवसांत दोन मिनिटं येऊन चार फोटो, थर्मामीटर, रिझर्व्हॉयर, स्किमरचा कप आणि स्टँडखालची जमीन. एवढंच. खाऊ घालायचं असेल तर गोळ्यांची ती सात खणांची डबी मिळते ना, आजी-आजोबांची असते तशी, तिच्यात प्रत्येक दिवसाचा चिमूटभर खाऊ तुम्हीच भरा आणि बाकीचे डबे कपाटात कुलपात. नवीन माणूस मासे उपाशी दिसतात म्हणून हात सैल सोडतो आणि चार दिवसांत अमोनिया चढतो, सुट्टीत टँक जायचं हे फार नेहमीचं कारण आहे. मोठ्या, धडधाकट माशांना एक दिवसाआड दिलं तरी चालतं. अँथियास जातीचे मासे असतील तर मात्र वेगळं, त्यांना रोज थोडंथोडं लागतं, त्यांच्यासाठी ऑटो फीडर ठेवा पण स्किमरच्या किंवा सम्पच्या दमट हवेपासून लांब, नाहीतर खाऊचा गोळा होतो आणि फीडर नुसता फिरत राहतो.

विकायचं म्हणाल तर ट्रिपच्या आधी घाईत विकलेल्या वापरलेल्या सामानाला काय भाव येतो ते तुम्हाला माहितीये. टँक नकोसाच झाला असेल तर परत आल्यावर शांतपणे विका, तो वेगळा निर्णय आहे. त्याऐवजी एक बिनखर्चाचं काम करा, तुमच्या आवडत्या पाच-सहा कोरलचे फ्रॅग (छोटे तुकडे) कापून ओळखीच्या दुसऱ्या रीफवाल्याकडे ठेवायला द्या, आत्ताच, म्हणजे तिथे रुळतील. उद्या सगळं गेलं तरी तेच कोरल परत मिळतात, आणि त्याचे काही तुम्ही सांभाळा. ४५ मधली बरीच जोखीम इथे फुकटात कमी होते.

कोरलपेक्षा मला जास्त काळजी एका वेगळ्या गोष्टीची आहे, जी तुम्ही लिहिलीच नाहीये. तुमच्या खाली कोणी राहतं का? मासे-कोरलचं नुकसान कितीही झालं तरी ४५ वर थांबतं, पण सम्पचं पाणी खालच्यांच्या छतातून त्यांच्या फर्निचरवर आलं तर तो आकडा कुठे थांबेल सांगता येत नाही. घराची इन्शुरन्स पॉलिसी असेल तर काढून वाचा, अॅक्वेरियमचं पाणी त्यात धरलंय का, दुसऱ्याच्या घराचं नुकसान धरलंय का, आणि घर इतके दिवस बंद असेल तर काही अट आहे का. जिवंत प्राणी बहुतेक वेळा त्यात नसतातच, तिथे आशा ठेवू नका. ३० खर्च करायची तयारी आहेच तर त्यातला छोटासा भाग या कव्हरवर गेलेला मला जास्त आवडेल.

आणि हप्ते. तुमच्याकडे इमर्जन्सी फंड दोन महिन्यांच्या खर्चाएवढा आहे, तो किमान तीन आणि खरं तर सहा महिन्यांचा हवा. तो पुरा नसताना छंदाच्या वस्तूसाठी वर्षभराचा ईएमआय, मग तो बिनव्याजी का असेना (रोख देणाऱ्याला मिळणारी सूट विचारा, व्याज कुठे लपलंय ते कळेल), मी सही करू देणार नाही. फंड भरला, कामासाठी वर्षातून चार-पाच वेळा बाहेर जावं लागायला लागलं, आणि किल्लीवाला भरवशाचा माणूस ठरला, की कंट्रोलर खुशाल घ्या, तेव्हा तो पैसे वसूल करेल. पण तेव्हाही ट्रिपच्या तोंडावर नको. नवीन सेन्सर, नवीन प्रोग्रॅमिंग, नवीन प्लग, यात पहिल्या दोन आठवड्यांत जे घोळ व्हायचे ते तुम्ही घरी असताना होऊ द्यावेत. तोच नियम या ७ च्या सामानालाही, म्हणजे या आठवड्यात घ्या, आणि निघायच्या आधीचे दोन आठवडे नवीन काहीच नाही, नवा मासा तर मुळीच नाही.

कंट्रोलरवाल्याला आत्ता नाही म्हणून कळवा. मग रविवारी टँकवाल्याला आणि भाच्याला एकाच वेळी घरी बोलवा, पहिल्या फेरीचे पैसे देऊनच, आणि तुम्ही काही न बोलता बाजूला उभे राहा. कुठली बादली उचलतात ते बघा, आरओचं पाणी आणि मिठाचं तयार पाणी यांचे कॅन सारखेच दिसत असतील तर त्या दिवशीच गोंधळ होईल, मग मोठ्या अक्षरात पट्ट्या चिकटवा. मेन स्विच कुठला आणि हीटरचा प्लग कुठला ते भाच्याला अंधारात हात लावून दाखवायला सांगा. आणि खाली कोण राहतं ते मला कळवा.